गादी किलोवर जोखावी

जून उजाडला की पुण्यात गाद्यांचा हंगाम सुरू होतो. स्पर्धा परीक्षांची मुलं सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतात, इंजिनिअरिंगची मुलं कोथरूड-कर्वेनगरात खोल्या शोधतात, आणि बाणेर-बालेवाडीच्या नव्या फ्लॅटांत आधी बॉक्स बेड, मग गादी अशा क्रमाने संसार लागतात. गिऱ्हाइकाचे प्रश्न मात्र सगळीकडे तेच: कोणत्या कंपनीची, किती इंची, वॉरंटी किती वर्षांची, आणि शेवटी कमी किती करणार. या चारही प्रश्नांची उत्तरं विक्रेत्याच्या जिभेवर असतात, आणि चारही उत्तरं मिळाली तरी ही गादी किती वर्षं नीट राहील याचा अंदाज येत नाही. तो ज्या एका आकड्यावरून बराचसा येतो, तो आकडा म्हणजे गादीचं वजन, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

वजन विचारणं हे काही नवं खूळ नव्हे. घरोघरी कापसाच्या गाद्या होत्या तेव्हा गादीवाला कापूस गिऱ्हाइकासमोर काट्यावर तोलून द्यायचा. एकेरी गादीला दहा-बारा किलो, उशीला किलो-दीड किलो, हे हिशेब घरातल्या बायकांना तोंडपाठ असत. कापसाचा दर किलोवर, पिंजणावळ वेगळी, खोळीचं कापड वेगळं, भरून टाके घालण्याची मजुरी वेगळी. लबाडी तेव्हाही चालायचीच. वरच्या थराला पांढराशुभ्र कापूस आणि पोटात गिरणीतला टाकाऊ माल किंवा पिंजलेल्या चिंध्या हा जुना खेळ होता. म्हणून जाणतं गिऱ्हाईक खोळ शिवून बंद होईपर्यंत दुकानातून हलत नसे. किती भरलं आणि काय भरलं, या दोन प्रश्नांपलीकडे गादीची परीक्षा नव्हती. फोम आला, खोळ कारखान्यातूनच शिवून येऊ लागली, आणि हे दोन्ही प्रश्न विचारायची सवय आपण सोडून दिली.

फोमची गादी म्हणजे बहुतांशी हवा. ज्यापासून हा फोम होतो ते पॉलियुरेथेन १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं. दोन द्रव रसायनं एकत्र आली की मिश्रण फसफसून फुगतं आणि त्याच फुगलेल्या अवस्थेत घट्ट होतं. या फुगलेल्या ठोकळ्यात घन पदार्थ किती आणि हवा किती, हे घनता सांगते. दुकानदार ‘३२ डेन्सिटी’ किंवा ‘४० डेन्सिटी’ म्हणतो त्याचा अर्थ एवढाच, की एक घनमीटर फोमचं वजन ३२ किंवा ४० किलो आहे. कठीणपणा ही अगदी निराळी गोष्ट. प्रयोगशाळेत तो मोजताना एक गोल तबकडी फोममध्ये त्याच्या जाडीच्या ४० टक्क्यांपर्यंत दाबायला किती जोर लागतो ते पाहतात. रसायनांचं प्रमाण बदलून हलका फोमही कडक करता येतो आणि भारी फोम मऊ ठेवता येतो. तळहाताने दाबून पाहणारं गिऱ्हाईक कठीणपणा तपासत असतं आणि टिकाऊपणा तपासल्याच्या समाधानात घरी जातं. गाद्यांच्या खरेदीतल्या निम्म्याशिम्म्या फसगतीचं मूळ इथे आहे.

आता साधा हिशेब करू. कॉटची नेहमीची गादी ७२ इंच लांब, ३६ इंच रुंद आणि ४ इंच जाड. गुणाकार १०,३६८ घनइंच. त्याला ६१,०२४ ने भागलं की सुमारे ०.१७ घनमीटर येतात. आतला फोम खरोखर ४० डेन्सिटीचा असेल तर तो पावणेसात किलोच्या थोडा वर भरायला हवा, ३२ चा असेल तर साडेपाचच्या जवळ, आणि २० चा असेल तर साडेतीन किलोही भरणार नाही. खोळ आणि शिलाई यांचं वजन वरून धरावं. ७८ बाय ७२ इंचांची, ६ इंच जाडीची दुहेरी गादी ०.५५ घनमीटर होते. ३२ डेन्सिटीचा दावा असेल तर नुसता फोमच साडेसतरा किलोंच्या पुढे पाहिजे. वजन करायला मोठी साधनं लागत नाहीत. घरच्या वजनकाट्यावर एकेरी गादी कवेत घेऊन उभं राहावं आणि आपलं वजन वजा करावं. दुकानात भंगारवाल्याकडे असतो तसा हुकचा छोटा काटा घेऊन जावं. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या गाद्यांचं वजन पुष्कळदा तपशिलांच्या तळाशी दिलेलं असतं. तिथवर बोट सरकवायचा कंटाळा तेवढा करू नये.

या किलोंचा टिकण्याशी संबंध काय, हे फोम कसा म्हातारा होतो ते पाहिलं की कळतं. फोममधल्या प्रत्येक पोकळीभोवती बारीक काड्यांची जाळी असते. रोज रात्री सात-आठ तास अंगाचं वजन, अंगाची ऊब आणि घाम यांच्याखाली ती वाकते आणि सकाळी सुटते. वाकता-सुटता काही काड्या मोडतात, काही वाकलेल्याच राहतात. कमरेखाली भार सर्वांत जास्त, म्हणून खड्डा तिथे आधी पडतो. आपण म्हणतो, गादी बसली. कारखान्यांत याची आगाऊ चाचणी घेतात. फोमचा तुकडा निम्म्या किंवा त्याहून कमी जाडीपर्यंत दाबून ७० अंश सेल्सियसला २२ तास ठेवतात, मग मोकळा करतात आणि मूळ जाडीतला किती भाग परत आला नाही ते मोजतात. एकाच जातीच्या फोममध्ये घनता वाढली की त्याच जागेत पदार्थ जास्त आणि काड्या जाड, म्हणून खड्डा उशिरा पडतो. पैशांत मांडायचं तर असं: ५,००० रुपयांची गादी दोन वर्षांत बसली तर ७३० रात्रींना रात्रीमागे जवळजवळ सात रुपये पडले. १२,००० ची आठ वर्षं चालली तर २,९२० रात्रींना रात्रीमागे चार रुपयांच्या थोडं वर. महाग गादी स्वस्त पडली.

हेच गणित विक्रेते उलट्या बाजूनेही वापरतात, तिथे सावध राहिलेलं बरं. ६०,००० ची गादी दहा वर्षं वापरली तर रात्रीला जेमतेम सोळा-सतरा रुपये, असं ऐकवलं की आकडा खरोखर किरकोळ वाटतो. पण रात्रीच्या भावाचा युक्तिवाद खरा ठरायला किमतीच्या पटीत आयुष्यही वाढावं लागतं. १२,००० ची आठ वर्षं टिकत असेल तर ६०,००० ची चाळीस वर्षं टिकणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. एका मर्यादेपर्यंत जास्तीचा पैसा फोमच्या दर्जात जातो. तिथून पुढे तो विणलेल्या खोळीत, जेलच्या पातळ थरात, वाढीव दोन-चार इंचांत आणि जाहिरातीत जातो. जाडीचं वेड तर विशेष खर्चिक. दहा इंची गादीत वरचे तीन-चार इंच चांगले आणि खालचे सहा इंच हलक्या फोमचे असतील, तर ती सहा इंची दणकट गादीपेक्षा श्रीमंत दिसेल, एवढंच.

यावर खरा आक्षेप असा, की वजनही फसवू शकतं. आक्षेप रास्त आहे. फोमच्या कारखान्यांत कापताना उरलेले तुकडे गोळा करून, चिकटवून, दाबून जो फोम करतात त्याला रिबॉन्डेड म्हणतात. तो साध्या फोमच्या दुप्पट-तिप्पट भारी असतो, चांगला कडक असतो आणि स्वस्त पडतो. तळाचा आधार म्हणून त्यात वाईट काही नाही. पण सगळीच गादी त्याची आणि भाव मात्र अखंड फोमचा, हा व्यवहार खोटा. फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळूनही वजन वाढवता येतं, आणि त्या वजनाने ताकद वाढत नाही. कापसाच्या गादीत पोटात चिंध्या भरायच्या, तोच हा प्रकार. म्हणून किलोंच्या जोडीला जुना दुसरा प्रश्नही विचारायलाच हवा: आत काय आहे? खोळीला चेन असेल तर ती उघडायला सांगावी. रिबॉन्डेडचा काप रंगीबेरंगी ठिपक्यांचा दिसतो, एकदा पाहिला की विसरता येत नाही. चेन नसेल तर दुकानात कापून ठेवलेला नमुना मागावा आणि थर मोजावेत: वर काय, मधे काय, खाली काय, प्रत्येक किती इंच. घरगुती गाद्यांच्या पॉलियुरेथेन फोमसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ७९३३ हे मानक आहे. लेबलवर त्याचा उल्लेख आहे का तेही बघावं. वजनाची तुलना मात्र एकाच जातीच्या दोन गाद्यांत करायची. काथ्याच्या धाग्यांवर रबराचा चीक फवारून केलेली गादी किंवा लॅटेक्सची गादी साध्या फोमपेक्षा भारीच असते. स्प्रिंगच्या गादीत तर अर्धं वजन पोलादाचं. तिथे तार किती जाड आणि स्प्रिंगा एकमेकींत अडकवलेल्या आहेत की प्रत्येक स्वतःच्या कापडी पिशवीत आहे, हे विचारावं. पिशवीतल्या स्प्रिंगांवर शेजारच्याने कूस बदलली तरी आपल्याला हादरा कमी बसतो. पण स्प्रिंगच्या गादीतही पहिल्यांदा बसतो तो तिच्यावरचा फोमच, तेव्हा त्याची डेन्सिटी तिथेही विचारायला हवी.

दुसरा आक्षेप पाठीच्या नावाने येतो. पाठ दुखते, तेव्हा ‘ऑर्थोपेडिक’ घ्या, म्हणजे कडक घ्या, हा सल्ला पुण्यात शेजारी, नातेवाईक आणि दुकानदार एकमुखाने देतात. खोळीवर छापलेल्या ‘ऑर्थोपेडिक’ या शब्दाने आतल्या मालाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि कडक म्हणजे पाठीला चांगलं, या समजुतीची परीक्षा झालेली आहे. स्पेनमध्ये दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून, एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम कडक गाद्या दिल्या आणि ९० दिवसांनी तपासलं. हा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००३ मध्ये आला. युरोपीय मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ धरलं, तर कडक गाद्या २.३ च्या आणि मध्यम ५.६ च्या होत्या. अंथरुणातलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि दिवसाच्या हालचालींतली अडचण, तिन्ही बाबतींत मध्यम गादीवाले सरस ठरले. कारणही समजण्यासारखं आहे. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि नितंब थोडे आत रुतले तरच कणा सरळ राहतो. फळीसारख्या गादीवर तो मधे लोंबतो. ‘आमचे आजोबा आयुष्यभर चटईवर झोपले’ हे उत्तर यावर हमखास येतं. आजोबांना त्रास नव्हता, तर त्यांनी गादी घेण्याचं कारणही नव्हतं. आजही ज्याला पातळ गादीवर बिनतक्रार झोप लागते त्याने हा लेख वाचून खर्चात पडू नये. प्रश्न दुखणाऱ्याचा आहे, आणि त्याने जास्त पैसे मोजून जास्त कडक गादी विकत घ्यावी, याला आधार सापडत नाही. दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरकडे जावं.

मेमरी फोमची जाहिरात ‘अंतराळ तंत्रज्ञान’ म्हणून होते. नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी १९६६ मध्ये हा फोम तयार केला हे खरं. पण तो विमानाच्या आसनांसाठी होता, अपघातात आणि लांबच्या प्रवासात बसणाऱ्याला सांभाळण्यासाठी. त्यावरून रात्रीच्या झोपेबद्दल काही ठरत नाही. हा फोम उबेने मऊ होतो आणि थंडीत घट्ट होतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगरला पहाटे १० अंशांच्या खाली जातो. म्हणजे एकच गादी मेमध्ये रुतवते आणि जानेवारीत निजताना आडमुठी वाटते. शिवाय अंगाभोवती घट्ट बसल्याने उन्हाळ्यात ती गरम होते. वरचा इंच-दोन इंचांचा थर मेमरी फोमचा असला तर सुख वाटतं, सगळी गादी त्याची नको. पावसाळ्याचा विचार तर दुकानात कुणाच्याच डोक्यात नसतो. बॉक्स बेडच्या अखंड प्लायवर गादी वर्षभर पडून राहिली की खालच्या बाजूला दमट वास आणि काळे ठिपके येतात. प्लायला भोकं पाडून घेणं किंवा पट्ट्यांचा तळ करणं, आणि पंधरवड्यातून एकदा गादी भिंतीला उभी करून पंखा लावणं, हे फुकटातले उपाय आहेत. हायड्रॉलिक बेड असेल तर भारी गादीचं वजन तो उचलतो का, हे मात्र गादी घेण्याआधी पाहावं.

नाव आणि वॉरंटी यांचा आधार घ्यावा की नाही? मोठ्या कंपनीचा माल एका ठरावीक दर्जाखाली सहसा जात नाही, एवढा तिचा उपयोग आहे. पण एकाच नावाखाली हलक्यातल्या हलक्या फोमपासून लॅटेक्सपर्यंत डझनावारी प्रकार विकले जातात. कंपनी सांगितली म्हणजे गादी सांगितली असं होत नाही. मराठी घरांत काथ्याच्या गादीला सरसकट ‘कर्लऑन’ म्हणायची पद्धत पडली होती. त्या कर्लऑनला २०२३ मध्ये स्लीपवेलच्या मालक कंपनीने, शीला फोमने, विकत घेतलं. दुकानात या दोन नावांची झुंज लावून भाव पाडायला निघालेल्याने हे लक्षात ठेवावं. वॉरंटीचं कार्ड वाचलं तर तिची हद्द कळते. ती बहुधा कारखान्यातल्या दोषाची असते, खड्डा ठरावीक खोलीपेक्षा जास्त असेल तरच लागू होते, गादीवर डाग पडले तर संपते, आणि ने-आणीचा खर्च अनेकदा गिऱ्हाइकाच्या माथी असतो. थोडक्यात, दहा वर्षांची वॉरंटी म्हणजे दहा वर्षांचं आयुष्य नव्हे. ऑनलाइन कंपन्यांची शंभर रात्रींची चाचणी मला वॉरंटीपेक्षा जास्त मोलाची वाटते, कारण दुकानात बूट काढून दोन मिनिटं आडवं झाल्याने काहीच कळत नाही. फक्त परत न्यायला कोण येणार आणि पैसे कशात परत मिळणार, ते आधी वाचावं. ‘शेवटच्या दोनच शिल्लक’ असं पडद्यावर लुकलुकत असेल तर घाई करू नये. खोटी निकड निर्माण करणं केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मना आहे. बाराही महिने चालणारी सूट ही सूट नसतेच, तो त्या गादीचा भाव असतो.

मग कापसाची गादी बाद झाली का? मुळीच नाही. पैसे वसूल होण्याच्या निकषावर ती अजूनही अनेकांना हरवेल. तिच्यात गाठी झाल्या की पुन्हा पिंजून, थोडा नवा कापूस घालून ती उभी राहते; बसलेला फोम उभा राहत नाही. अडचणी व्यवहाराच्या आहेत. तिला ऊन दाखवावं लागतं आणि फ्लॅटमध्ये हक्काची गच्ची नसते. दुहेरी गादी उचलायला दोन माणसं लागतात. पिंजून देणारेही कमी झाले. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या मुलाने आठ वर्षांची गादी घेण्यात काय हशील? त्याला पेठेतल्या गादीवाल्याकडची किलोवर भरलेली एकेरी गादी किंवा ३२ डेन्सिटीची चार इंची पुरे. जुन्या लोखंडी कॉटचं माप आडनिडं असतं, तिथेही मापाने करून देणारा स्थानिक कारखाना कामी येतो. घरात म्हातारी माणसं असतील तर हिशेब निराळा: बेड आणि गादी मिळून उंची गुडघ्याएवढी हवी आणि कड दबून जाता कामा नये, म्हणजे उठताना पाय जमिनीला नीट टेकतात. दहा इंची मऊ गादी त्यांच्यासाठी सोयीपेक्षा संकटच जास्त.

राहता राहिलं बिल. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी याच शहरात १९७४ मध्ये सुरू केली, आणि तरीही पुण्यात ‘बिल हवंय का, मग भाव वेगळा पडेल’ हे वाक्य गाद्यांच्या दुकानांत ऐकू येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणं हीसुद्धा तीच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पण तिथे ‘दुकानदार चाळीस डेन्सिटी म्हणाला होता’ हे तोंडी सांगून भागत नाही. तेव्हा पैसे देण्याआधी गादीचं माप, थर, प्रत्येक थराची डेन्सिटी आणि एकूण वजन बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला जो तयार नसेल त्याच्याकडून गादी घेऊ नका.